मदत हवी आहे: हॅकिंटॉशवर (ॲपलच्या नसलेल्या पीसीवर चढवलेलं मॅकओएस) वेग मोजणाऱ्या चाचण्यांपैकी गीकबेंच चांगला येतो, पण सिनेबेंच अर्ध्या मिनिटात ढेपाळतो

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आप्पा, नारदीय कीर्तनं करायचे. २०१३ ते २०१९ या काळात गिरगावातल्या आमच्या घरी मी त्यांची चाळीसेक कीर्तनं लॉजिक प्रो या ॲपलच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केली. पेटी, तबला, झांजा आणि आप्पांचा आवाज, सगळे ट्रॅक वेगवेगळे. ज्या आयमॅकवर हे केलं तो गेल्या वर्षी बंद पडला. डिस्क वाचली, पण लॉजिक विंडोज किंवा लिनक्सवर चालतच नाही. फाइली हातात असून उघडता येत नाहीत, अशी अवस्था.

सेकंडहँड मॅक मिनी पाहिले. माझ्या पैशांत ८ जीबी रॅमचेच मिळत होते, आणि पूर्वरंग-उत्तररंग मिळून दोन तासांच्या एकेका प्रोजेक्टला ते पुरेल असं वाटेना. घरात इंटेलचा आय७-१०७०० प्रोसेसर आणि बी४६० बोर्ड पडून होता. मग लॅमिंग्टन रोडला तीन चकरा मारून बाकीचं जमवलं: ३२ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, वापरलेलं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. त्यावर ओपनकोअर (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर) घालून मॅकओएस व्हेंच्युरा चढवलं, एसएमबायोस (मशीन स्वतःला कुठला मॅक म्हणून सांगतं ते) आयमॅक२०,१ ठेवला. ॲपलचा परवाना फक्त ॲपलच्याच मशीनसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. सगळे ट्रॅक साध्या वेव्ह फाइलींत काढून होईपर्यंतच हे मशीन असं चालवायचं आहे.

ग्राफिक्स, आवाज, इथरनेट सगळं सुरू झालं. मॅकओएसमधल्या यूएसबीच्या पंधरा पोर्टांच्या मर्यादेने दोन रात्री खाल्ल्या, कारण एक निळा पोर्ट दोन म्हणून मोजला जातो. तेही सुटलं. अडलंय ते पुढे.

गीकबेंच ५ मध्ये सिंगल १,२४० आणि मल्टी ८,३०० च्या आसपास येतो. या प्रोसेसरला साजेसा. सिनेबेंच आर२३ ची एकच फेरी चालवली तर १०,४००. पण त्याची नेहमीची दहा मिनिटांची चाचणी लावली की ८,८५० वर येतो. इंटेल पॉवर गॅजेट (प्रोसेसरचा वेग आणि तापमान दाखवणारं साधन) उघडून समोर बसलो. सुरुवातीला सगळे कोर ४.६ गिगाहर्ट्झवर, तापमान ९० पार. साधारण अर्धं मिनिट झालं की आलेख कडा तुटल्यासारखा खाली येतो आणि ३.३ वर जाऊन बसतो. त्यानंतर तापमान फक्त ७० अंश! मे महिना, खोलीत एसी नाही, पंखा आणि खिडकी एवढंच, म्हणून आधी उकाड्यालाच दोष दिला. पण ७० अंशांना प्रोसेसर कशाला मान टाकेल?

लॉजिकमध्येही त्रास आहे. उत्तररंगात आख्यान रंगात आलं, तबला चढला की मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो आणि कधी कधी सिस्टिम ओव्हरलोडची पाटी येऊन सगळं थांबतं. आप्पा शेजारी बसून ऐकतात. पहिल्यांदा ‘टक्’ झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "झांज फुटली होती का रे त्या दिवशी?"

प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटसाठी ओपनकोअरमध्ये एसएसडीटी-प्लग ही फाइल घातलेली आहे, बायोसमध्ये सीएफजी लॉक (मॅकओएसला ते मॅनेजमेंट करू न देणारी सेटिंग) बंद आहे. ओपनकोअरमध्ये माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १

दादा, ओपनकोअरला हात लावू नका, ते बरोबर दिसतंय. १०७०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे. इंटेलच्या हिशोबात त्याला थोडा वेळ २२४ वॅटपर्यंत मुभा असते, तो वेळ २८ सेकंदांचा. मग सरासरी ६५ वॅटवर आणली जाते. तुमचा आलेख तुटतो तो तिथेच. गीकबेंचमध्ये दोन चाचण्यांच्या मध्ये उसंत असते, त्यामुळे ती मर्यादा गाठलीच जात नाही. पुष्कळ बोर्ड ही मर्यादा सरळ उघडी सोडतात, तुमचा पाळतोय इतकंच.

खात्री करायची तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून तोच ताण द्या. तिथेही २८ सेकंदांनी पडला तर मॅकओएसचा संबंध नाही. मग बायोसमध्ये लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट शोधा. पण प्रोसेसरच्या बाजूच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक आहे का ते आधी बघा. नसेल तर मर्यादा पूर्ण काढू नका, आपल्या मुंबईच्या मे महिन्यात तर नाहीच.

प्रतिसाद २

टक् होतं तेव्हा लॉजिकमध्ये कुठला ट्रॅक निवडलेला असतो? आप्पांच्या आवाजाचा असेल, आणि त्यावर रिव्हर्ब, कॉम्प्रेसर असं बरंच लावलेलं असेल, तर तो लाइव्ह, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार, धरला जातो आणि त्याचं सगळं ओझं एकाच कोरवर येतं. बाकीचे सात मोकळे असले तरी उपयोग नाही. एक रिकामा ऑडिओ ट्रॅक घ्या, तो निवडून ठेवा आणि मग ऐका. शिवाय तुम्ही आता रेकॉर्ड करत नाही आहात, मग बफर (आवाज वाजवण्याआधी साठवून घ्यायचा तुकडा) १०२४ करा.

धागाकर्ता, चार दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. लिनक्सवरही अगदी तसाच पडला, म्हणजे वीज-मर्यादाच होती. व्हीआरएमवर अर्ध्याच बाजूला हीटसिंक आहे, म्हणून ९५ वॅटवर थांबलो. इंटेलचा मूळ पंखा तेवढ्याला पुरेना, लॅमिंग्टन रोडहून टॉवर कूलर आणला. आता दहा मिनिटांच्या चाचणीत १०,५५०, तापमान ८० च्या आत.

पण टक् त्याने गेलं नव्हतं! प्रतिसाद २ वाचून पाहिलं तर खरंच आप्पांचाच ट्रॅक निवडलेला होता, त्यावर सहा प्लगइन, बफर १२८. रिकामा ट्रॅक निवडला, बफर वाढवला आणि काल अख्खं कीर्तन सलग ऐकलं. एकदाही अडकलं नाही. मी महिनाभर आठ कोरांचे आकडे मोजत बसलो आणि अडचण एका कोरात होती. आप्पा आरतीपर्यंत जागे होते.

एवढं एक अजून सांगा. मशीन स्लीपमधून उठलं की यूएसबी साउंड इंटरफेस दिसेनासा होतो, वायर काढून घातली की परत येतो. पोर्ट मॅपमध्ये (कुठला पोर्ट कुठल्या प्रकारचा याच्या नोंदीत) तो यूएसबी २ म्हणून नोंदवलाय. रात्रभर ट्रॅक काढायला लावायचे आहेत, तोवर स्लीप बंद ठेवू, की मॅपमध्ये काही बदलायला हवं?