फुटलेल्या बँडच्या डेमो कॅसेट: डॉल्बी चालू ठेवून डिजिटल करायच्या की बंद?

फीतवेडा

बँड कधीच फुटला. अल्बम निघालाच नाही, त्यामुळे जे काही उरलंय ते चाहत्यांच्या खणांमध्ये. आत्तापर्यंत जमलेला माल असा: हाताने लिहिलेल्या कव्हरची डेमो कॅसेट, सी-६० (६० मिनिटांची). तिच्याच आणखी दोन प्रती, वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या. शेवटच्या कार्यक्रमाची प्रेक्षकांत बसून टेप केलेली सी-९०. आणि एक गूढ कॅसेट, जिच्या एका बाजूला ड्रम आणि बास आहेत, पण इतके संथ आणि खर्जात की ओळखू येत नाहीत. दुसऱ्या बाजूला कुणीतरी उलटं गातंय.

डेकवर डॉल्बी बी आणि सी दोन्ही आहेत (फितीची सळसळ, म्हणजे हिस, दाबायची सोय; रेकॉर्ड करताना लावली असेल तरच ऐकताना लावायची), पण कव्हरवर कसलीच खूण नाही. डॉल्बी लावायचं का? तीनपैकी मूळ प्रत कोणती हे कसं ओळखायचं? गूढ कॅसेट बाद झाली का? आणि हिस काढूनच बाकीच्यांना द्यावं, असं काहींचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का?

तिरकं_हेड

डॉल्बीचा प्रश्न दुसरा, ॲझिमथचा, म्हणजे हेड फितीला किती तिरकं आहे याचा, पहिला. हेडची फट फितीला काटकोनात नसेल तर वरच्या पट्टीतला आवाज आधीच गेलेला असतो. त्यात डॉल्बी लावलंत की ते उरलेलंही दाबून टाकतं, आणि मग लोक म्हणतात की डेमोच मुळात मिणमिणीत होता.

आधी हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी पिंच रोलरला साबणाचं किंचित पाणी पुरतं. मग हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू शोधा (दुसरा, स्प्रिंग नसलेला, अजिबात हलवायचा नाही). मूळ जागेवर मार्करने खूण करा. डावा-उजवा चॅनल मोनोत एकत्र करून हेडफोन लावा आणि हाय-हॅट वाजत असताना स्क्रू अगदी थोडा, एका वेळी फेरीचा आठवा हिस्साही नको, फिरवा. मोनोत दोन चॅनलमधला फरक लगेच कळतो: चुकीच्या जागी झांज बादलीत पडल्यासारखी वाजते, बरोबर जागी एकदम उघडते. तिथेच थांबा. प्रत्येक कॅसेटला, कधी कधी प्रत्येक बाजूलाही, हे नव्याने करावं लागतं, कारण मूळ रेकॉर्डिंगचा डेकही तिरका असू शकतो. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको.

आता डॉल्बी. बंद ठेवून ऐका. आवाज जरा जास्तच तीक्ष्ण असेल, आणि बी चालू केल्यावर हिस कमी होऊनही झांज जिवंत राहत असेल, तर बी वापरलेलं आहे. बी लावल्यावर गाणं घोंगडीखाली गेलं तर नव्हतं. सी वापरलेली कॅसेट डॉल्बीविना ऐकली तर ती फारच कर्कश आणि दबून-उसळणारी लागते, ती सहसा चुकत नाही. संशय राहिला तर दोनदा रेकॉर्ड करा, एकदा बंद, एकदा चालू. फाइलच्या नावात तसं लिहा.

डेकच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये जा. लॅपटॉपचं माइकचं भोक नको, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि त्यातून आवाज लगेच फाटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह, सर्वांत मोठा ठोका -६ डीबीच्या आसपास. तासाला साधारण १ जीबी. घूं ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

मूळ प्रत ओळखायची तर गाणं सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद ऐका. कॉपीत हिस दोन टप्प्यांत येते: आधी कॉपी करणाऱ्या डेकची, मग क्षणभराने मूळ कॅसेटची तिच्यावर चढते. मूळ प्रतीत एकच टप्पा असतो. कव्हरवर भरवसा ठेवू नका, कव्हरची झेरॉक्स सगळ्यांनी काढली होती.

चार_ट्रॅक

गूढ कॅसेट बाद नाही, उलट तीच सगळ्यांत मोलाची. ती घरगुती चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केलेली आहे. १९७९ च्या टीॲक १४४ पासून ही यंत्रं चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहितात. साधा डेक ए बाजूला त्यातले दोन वाचतो, कॅसेट उलटवली की उरलेले दोन मागून पुढे. संथपणाचं कारण: यातली बरीच यंत्रं सेकंदाला ९.५ सेंमी वेगाने धावतात, साधा डेक ४.७६ ने. म्हणून सगळं एक सप्तक खाली.

साध्या डेकवरही जमतं. दोन्ही बाजू ९६ किलोहर्ट्झला घ्या, बी बाजू सॉफ्टवेअरमध्ये उलटी करा, दोन्हींचा वेग दुप्पट करा आणि सुरुवातीच्या ड्रमच्या काठ्यांच्या टक-टकवर जुळवा. अडचण अशी की दोन फेऱ्यांत डेकचा वेग कधीच सारखा नसतो. सुरुवात जुळली तरी तिसऱ्या मिनिटाला गायक ड्रमच्या मागे पडतो, दर काही ओळींनी कापून सरकवावं लागतं. शिवाय यातल्या अनेक यंत्रांत डीबीएक्स (डॉल्बीसारखीच हिस दाबायची दुसरी पद्धत) असे आणि तुमच्या डेकमध्ये ते नाही. डीबीएक्स न उलगडता ऐकलं तर प्रत्येक ठोक्यानंतर हिस श्वास घेतल्यासारखी वर येते. तसं दिसलं तर चालू स्थितीतलं चार ट्रॅकचं यंत्र उसनं मिळवा, चारही वाहिन्या एकाच वेळी चार इनपुटमध्ये घ्या. आणि कृपा करून त्या कॅसेटवर रेकॉर्डचं बटण चुकूनही दाबू नका. मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या तोडा.

अर्धा_सूर

वेगाबद्दल एक. स्वर जुळवून वेग ठरवू नका. रॉक बँड बऱ्याचदा गिटार अर्धा सूर उतरवून लावतात, म्हणजे 'खाली वाजतंय' हा दोष नसून तेच मूळ असू शकतं. गाण्यांच्या मधल्या शांततेत गिटारच्या अँपची घूं पकडा. वीज ५० हर्ट्झची होती अशा ठिकाणी ती ५० च्या पटीत असणार. स्पेक्ट्रममध्ये (सॉफ्टवेअरमधल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) ३०० ऐवजी ३०९ वर रेघ दिसली तर कॅसेट ३ टक्के जलद धावतेय, म्हणजे अर्ध्या सुराच्याही जवळजवळ निम्मं वर. पण आधी डेक पॉज करून बघा. पॉजमध्येही रेघ तिथेच राहिली तर ती तुमच्या वायरींची घूं आहे, बँडची नाही.

फीतवेडा

हे फारच कामाचं. सी-९० मधे मात्र आवाज येतो-जातो, आणि आतलं फेल्टचं तुकडं निसटून कोपऱ्यात पडलंय.

तिरकं_हेड

ते प्रेशर पॅड, डिंक वाळून पडतं. फीत हेडला नीट टेकत नाही म्हणून आवाज जातो. चिकटवत बसू नका. पाच स्क्रूची एक टाकाऊ कॅसेट घ्या, दोन्ही आडव्या ठेवून उघडा, जुन्याचा उघडा फोटो काढा आणि रिळं तशीच्या तशी उचलून नव्या कवचात ठेवा. सरक-कागद आणि दोन्ही टोकांचे रोलर विसरू नका. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, बोटाने ताणली की झाली वेडीवाकडी. मग एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या. जुनं कवच बंद, स्क्रू नसलेलं असेल तर कडेच्या जोडावर पातं हळू चालवावं लागेल.

कोरी_बाजू

हिसचं राहिलंच. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ना हिस काढायची ना आवाज चढवायचा. हिस काढणारं सॉफ्टवेअर झांजेची शेपटी आणि स्नेअरच्या तारांचा आवाजही सोबत नेतं, वर पाण्याखालचे बुडबुडे ठेवून जातं. ऐकायला वेगळी प्रत करा, तिच्यात हवं ते करा. गाण्यांमधलं ट्यूनिंग, 'वन-टू-थ्री', मागून कुणीतरी ओरडलेलं गाण्याचं नाव, हेही कापू नका. बऱ्याचदा गाण्यांचा क्रम नेमका त्या ओरडण्यावरूनच लागतो.

कव्हर ६०० डीपीआयला स्कॅन करा, आतली बाजूसुद्धा. द्यायला फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार), एमपीथ्री नको. आणि सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बँडमधल्या प्रत्येकाला विचारा, फक्त गायकाला नाही. बँड फुटला म्हणून हक्क फुटत नाहीत, आणि गाणी कुणाची यावरूनच फुटलेला असेल तर ड्रमरला न विचारणं महागात पडतं.