अनुभव धागा: जुन्या मांडणीसाठी बरण्यांची जोड शोधताना

सांगलीच्या घरातून आलेल्या आमच्या सागवानी मांडणीला तीन फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर बरणीचे बूड नेमके बसावे अशा गोल खाचा कोरलेल्या असून त्यांतील काही आज रिकाम्या आहेत. नवी बरणी आणून खाच भरता येईल असे घरातील सगळेच सुचवतात. परंतु आजच्या बरण्यांची बुडे चौकोनी तरी असतात किंवा खाचेपेक्षा रुंद तरी, आणि जी बरणी बसते तिची स्वच्छ पांढरी काच शेजारच्या हिरवट बरण्यांमध्ये उपऱ्यासारखी दिसते. ज्यांनी अशी अपुरी मांडणी किंवा मसाल्यांचा अपुरा संच पुरा केला आहे, अथवा करण्याच्या नादात आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. बरणी कोठे सापडली, ती जोडीची आहे हे कशावरून ओळखले आणि झाकणाचे काय केले, हे आवर्जून लिहावे. किंमत लिहायची असल्यास गाव आणि साल यांसह लिहावी, कारण नुसत्या आकड्यावरून कोणालाच काही समजत नाही.

कराडहून

आमच्याकडे जुन्या बरण्यांचा विषय निघाला की पहिले नाव ओगलेवाडीचे येते. 1916 साली ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या हद्दीत काच कारखाना उभा केला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला आणि त्यामुळे कारखान्याच्या इतर काचसामानालाही नाव मिळाले. याचा उलटा परिणाम असा की हिरवट झाक असलेली कोणतीही बरणी दिसली की जुन्या वस्तूंचा व्यापारी ती ‘ओगल्यांची’ म्हणून सांगतो आणि त्या नावाचे पैसे लावतो. वास्तविक हिरवट झाक येते ती वाळूतील लोहामुळे, आणि वाळू पुरेशी शुद्ध न करता काच ओतणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या मालात ती दिसते. बुडाशी किंवा अंगावर उठावाची अक्षरे असतील तरच कारखान्याचे नाव घ्यावे. एरवी ‘जुनी देशी काच’ एवढेच म्हणावे, असे माझे मत आहे.

माझ्या आईच्या मांडणीला लागणाऱ्या बरण्या मला बाजारात मिळाल्या नाहीत, त्या एका बंद होणाऱ्या किराणा दुकानात मिळाल्या. दुकानाच्या सर्वांत वरच्या फळीवर वेलदोडे, लवंग, नागकेशर असा थोडा थोडा खपणारा माल ठेवलेल्या लहान बरण्या होत्या. घरातल्या बरण्या रोजच्या हाताळणीत फुटतात, मात्र दुकानातल्या वरच्या फळीला फारसा हात लागत नसल्यामुळे तेथे संच शाबूत राहतो. दुकानदार काकांनी बरण्या देताना पैसे घेतले नाहीत, पण आतला माल मात्र तोलून विकत घ्यायला लावला. त्यांतील नागकेशराला वासही उरला नव्हता.

जोड तपासताना मी बरणी उजेडासमोर धरून तीन गोष्टी पाहतो. साच्याचा उभा सांधा तोंडाच्या काठापर्यंत गेला आहे की मानेशीच थांबला आहे, काचेत बुडबुडे आहेत का, आणि बुडाची जाडी एका बाजूस अधिक आहे का. सांधा काठापर्यंत गेलेला असेल तर बरणी बहुधा यंत्रावर झालेली असते, आणि तो आधीच थांबला असेल तर तोंड हाताने पुरे केलेले असण्याचा संभव अधिक असतो. एका फळीवर या दोन्ही जाती शेजारी ठेवल्या की उंची सारखी असूनही त्या सख्ख्या वाटत नाहीत.

तळेगाव दाभाडेहून

पैसा फंडाचा काच कारखाना आमच्या गावी 1908 मध्ये सुरू झाला. सामान्य लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची ती कल्पना अंताजी दामोदर काळे यांची होती आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले होते. या नावाच्या ओढीने अनेक जण आमच्याकडे बरण्यांची चौकशी करतात. माझ्या पाहण्यात मात्र गावातल्या जुन्या घरांतून कंदिलाच्या काचा अधिक निघाल्या आणि बरण्या फारच थोड्या, म्हणून केवळ त्यासाठी कोणी प्रवास करू नये.

गिरगाव, मुंबई येथून

चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर अशा बरण्या मिळतात, परंतु तेथे जाण्यापूर्वी घरून तयारी करून जावे लागते. मी आमच्या बरणीच्या तोंडाचा आणि बुडाचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापून घेतो आणि दुकानात तो पुठ्ठाच बरणीवर ठेवून पाहतो, कारण डोळ्यांना तंतोतंत सारखी वाटणारी बरणी तोंडाशी दोन मिलिमीटरने वेगळी निघाली की जुने झाकण तिच्यावर फिरत नाही. आट्यांचेही तसेच आहे. काही झाकणे एका वेढ्यात बसतात आणि काहींना दीड वेढा लागतो. व्यापारी पुष्कळदा एका बरणीचे झाकण दुसरीवर नुसते टेकवून ठेवतात. त्यामुळे झाकण फिरवून घट्ट केल्याशिवाय आणि पुन्हा उघडल्याशिवाय भावाची गोष्ट काढू नये.

आणखी एक निरीक्षण सांगतो. अपुऱ्या संचात बहुतेक वेळा मिठाच्या बरणीचे झाकण गेलेले असते. मीठ ओलावा धरते, पत्र्याचे झाकण आतून गंजते, आणि मग कोणीतरी ते फेकून वर वाटी झाकून काम भागवते. म्हणून बिनझाकणाची एकटी बरणी दिसली की ती कमी प्रतीची समजू नये. ती त्याच संचातील मिठाची असू शकते. ज्या बरणीच्या अंगावर पौंडाची खूण उठावात आहे, ती परदेशी तरी असते किंवा दशमान वजने रूढ होण्याआधीची तरी. आपल्याकडे ती वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि काळ ठरवायला ही खूण व्यापाऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी पडते.

कोल्हापूरहून

आमच्या मांडणीची खालची फळी चिनी मातीच्या बरण्यांची आहे. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, अशा त्या नेहमीच्या बरण्या. त्यांची जोड मिळणे तुलनेने सोपे आहे, कारण लोणच्यासाठी त्या घरोघर होत्या आणि आजही अशा बरण्या बनतात. नवी आणि जुनी ओळखायला बूड पाहावे. जुनीच्या बुडाचा न झिलई दिलेला कडा फरशीवर सरकून सरकून गुळगुळीत झालेला असतो. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज आला नाही तर तडा गेला आहे असे समजून ती खाली ठेवावी. झिलईला बारीक जाळी पडली असेल किंवा तिच्या मूळ घटकांबद्दल शंका असेल, तर त्या बरणीत लोणचे, चिंच किंवा आमसुले ठेवू नयेत. जुन्या झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. आम्ही अशा बरणीत अख्खी हळकुंडे ठेवतो, आणि तीही कागदाच्या पुडीत.

पुणे, कसबा पेठेतून

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जावे. तेथे बरणी ही मुख्य वस्तू नसते. ती लोखंडी सामानाच्या आणि जुन्या घड्याळांच्या ढिगात कोठेतरी पडलेली असते. वाडे पाडले जातात तेव्हा निघालेले सामान तेथे येते, म्हणून मी विक्रेत्यांना बरणी विचारत नाही, तर कोणत्या भागातून माल आला आणि त्याच घरातले आणखी काही आहे का, हे विचारते. धूसर काचेबद्दलही लिहिते. पाण्यातील क्षारांचा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बरणी रात्रभर भरून ठेवल्यावर तो निघतो. त्यानंतरही धूसरपणा राहिला तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे असे समजावे आणि घासण्यात वेळ घालवू नये. हिंगाच्या बरणीचा वास कशानेही पूर्ण जात नाही, त्यामुळे तिच्यात पुन्हा हिंगच ठेवावा.

एडिसन, न्यू जर्सी येथून

माझा संच मराठी घरातला नाही, अमेरिकन घरातला आहे, तरी विषय तोच असल्यामुळे लिहीत आहे. शिकागोच्या ग्रिफिथ कंपनीने दुधी काचेच्या लहान बरण्या आणि त्यांच्यासाठी भिंतीवरची घडवंची असे संच विकले होते. एखाद्या वृद्धाच्या निधनानंतर घरातील सगळे सामान घरातच विक्रीला मांडतात, तेथे मला एक घडवंची अपुऱ्या बरण्यांसह मिळाली. येथे जोड शोधणे सोपे वाटते, कारण बरण्यांवर मसाल्यांची नावे छापलेली असतात आणि संग्राहक याद्या करून ठेवतात. परंतु त्याच कारणामुळे दालचिनी आणि मिरी पुन्हा पुन्हा समोर येतात आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या मसाल्याच्या बरणीसाठी लोक अडून बसतात. छापील नाव धुण्याच्या यंत्रात उडून जाते, म्हणून नाव शाबूत असलेली बरणी मी हातानेच धुते. शिंपडण्यासाठी बसवलेल्या छिद्रांच्या चकत्या मी काढून ठेवल्या आहेत. आता ‘सेज’ लिहिलेल्या बरणीत दगडफूल आहे आणि ‘थाइम’मध्ये तिरफळे आहेत. सासूबाई आल्या की त्यांना प्रत्येक वेळी सारी झाकणे उघडावी लागतात, आणि त्यांचा या संचाविषयीचा अभिप्राय त्यामुळे काहीसा प्रतिकूल आहे.

सावंतवाडीहून

वर बहुतेकांनी झाकणाची अडचण लिहिली आहे, तिच्यावर आमच्या गावातला उपाय सांगतो. लाकडी खेळणी आणि लाखेचे काम करणारे कारागीर लेथवर दट्ट्याच्या आकाराचे झाकण कातून देतात. आट्यांची गरजच राहत नाही. त्यासाठी फक्त मोजमाप पाठवून भागत नाही, मूळ बरणी द्यावी लागते, कारण जुन्या बरणीचे तोंड क्वचितच पुरते गोल असते आणि कारागीर ते हाताने चाचपून, थोडे थोडे उतरवत झाकण बसवतो. मी झाकणाच्या आतल्या बाजूला रंग किंवा लाख लावू देत नाही, ती बाजू कोरीच ठेवतो. झाकण शक्यतो उन्हाळ्यात करून घेऊ नये. कोरड्या हवेत बेतशीर बसलेले लाकूड कोकणच्या पावसात फुगते आणि मग गणपतीपर्यंत मोहरीची बरणी उघडत नाही. उन्हाळ्यातच करायचे असेल तर कारागिराला किंचित सैल ठेवायला सांगावे आणि मधल्या फटीत सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. पाऊस सुरू झाला की ती पट्टी काढून टाकता येते.