मदत हवी आहे: माशीच्या अळ्यांच्या वाढीचे तास तक्त्याशी जुळत नाहीत (जळगाव, एप्रिल)

तापीकाठ

राम राम मंडळी,

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी मदत हवी आहे. मृतदेहावरच्या माशीच्या अळ्या किती वाढल्या आहेत त्यावरून मृत्यूनंतर कमीत कमी किती काळ गेला ते काढतात. त्यासाठीचे बरेचसे तक्ते 25 ते 30 अंशांच्या स्थिर तापमानावर तयार झालेले आहेत. खान्देशच्या उन्हाळ्यात ते कितपत चालतात, हे तपासायचं आहे. माशी क्रायसोमाया मेगासेफाला, म्हणजे मटणाच्या दुकानावर घोंगावणारी लाल डोळ्यांची मोठी निळी-हिरवी माशी.

मांडणी: कोंबडीची कलेजी 200 ग्रॅम, पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा, तळाला ओली वाळू, वर मलमल. कलेजी दिवसभर व्हरांड्यात उघडी ठेवून त्यावर माश्यांना अंडी घालू दिली. नंतर डबा खोलीत खिडकीजवळ. तापमान हवामान खात्याच्या जळगाव केंद्राचं, रोजच्या कमाल-किमानाची सरासरी. दर 6 तासांनी काही अळ्या काढून थेट 70 टक्के अल्कोहोलमध्ये.

अडचणी: गणिताप्रमाणे वाढ जेवढ्या तासांत व्हायला हवी त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, इतकं ऊन असूनही. तिसऱ्या दिवसापासून अळ्यांची संख्या घटत जाते. अल्कोहोलमधल्या अळ्या काळ्या पडून आखडतात, लांबी मोजण्यात अर्थ राहत नाही. कोष बुरशीने जातात. मे महिन्यात पुन्हा मांडायचं आहे, तेव्हा काय बदलू?

कीटकमित्र धुळे

आधी संख्या घटण्याचं बघू, कारण ते सुटलं नाही तर बाकी आकडे वाया. उरलेल्या अळ्यांपैकी काहींच्या अंगावर मांसल काट्यांच्या रांगा दिसतात का? दिसत असतील तर ती क्रायसोमाया रुफिफेसीस. तिची मोठी अळी दुसऱ्या माश्यांच्या अळ्या धरून खाते, अन्न कमी पडलं की आपल्याच जातीच्याही. दिवसभर उघड्या ठेवलेल्या कलेजीवर दोन्ही माश्या अंडी घालून जातात.

म्हणून अंडी अशी घ्यायची नाहीत. जाळीने माश्या पकडा, एकेक मादी वेगळ्या छोट्या डब्यात ठेवा, सोबत साखर, ओला कापूस आणि कलेजीचा लहान तुकडा. एका मादीचा एकच अंडपुंज एका डब्यात. त्यात दोनशे-अडीचशे अंडी सहज असतात, त्यातली शंभरच बारीक ओल्या ब्रशने उचला. 200 ग्रॅम कलेजी शंभर अळ्यांना पुरते, एका अळीमागे किमान एक-दोन ग्रॅम हवंच. दाटी झाली की अळ्या पोट भरायच्या आतच अन्न सोडून कोषात जातात. मग माशी लहान निघते आणि तास चुकतात. मादी मरू द्या, फेकू नका. टाचणीवर लावून डब्याच्या क्रमांकासकट ठेवा, ओळख पटवायला तीच लागते.

रुफिफेसीसही वाढवणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिच्या एका मादीची सगळी पिल्लं एकाच लिंगाची असतात. डब्यात सगळे नर निघाले तर काही बिघडलंय असं समजू नका.

बुरशीचं कारण ओली वाळू. कलेजी ॲल्युमिनियम फॉइलच्या वाटीत ठेवा, वाटी मोठ्या डब्यात, भोवती 4-5 सेंटिमीटर कोरडा भुसा. कलेजीला पाणी सुटलं तर लहान अळ्या बुडून मरतात, ते पाणी टिपकागदाने काढत राहा. भुशावर कोष होणार त्या दिवसात दिवसाआड फवाऱ्याचे दोन हात पुरे. डब्याखाली पाण्याची परात ठेवायला विसरू नका, आपल्याकडच्या मुंग्या एका रात्रीत अंडी साफ करतात.

न्यायवैद्यक

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तापमानात आहे. तीन वेगवेगळ्या चुका एकावर एक बसल्या आहेत.

हवामान केंद्राचं तापमान सावलीतल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर मोजलेलं असतं. तुमचा डबा खिडकीत, बहुधा कूलरच्या झोतातही. दोन्हींचा संबंध नाही. थर्मामीटरचं टोक कलेजीजवळ हवं.

दुसरं सरासरीचं. वाढीचे अंश-तास काढताना तापमानातून वाढीचं किमान तापमान, बहुधा 10 अंश, वजा करून तासांनी गुणतात. समजा एक टप्पा 27 अंशांवर 100 तासांत पुरा होतो, म्हणजे 1700 अंश-तास. आता एप्रिलचा दिवस घ्या: 12 तास 41 अंश, 12 तास 29 अंश. सरासरी 35, दिवसाला 600 अंश-तास, म्हणजे 68 तासांत टप्पा पुरा व्हायला हवा. प्रत्यक्षात 41 अंशांवर अळी त्या वेगाने वाढतच नाही. पस्तिशीच्या पुढे वेग अडकतो, मग उतरतो, चाळिशीत मरतूक सुरू होते. दुपारच्या त्या 12 तासांना 36 वरच थांबवून गणित केलं तर दिवसाला 540 अंश-तास होतात आणि टप्पा साधारण साडेपंच्याहत्तर तासांवर जातो. 36 हा आकडा मी समजावण्यापुरता धरलाय. खरी मर्यादा तुमच्या प्रयोगातूनच निघेल, आणि तेच तुमच्या प्रकल्पाचं खरं मोल आहे. ताशी नोंद नसेल तर हे गणित करता येत नाही.

तिसरी चूक उलट्या दिशेने जाते. अळ्या घोळक्याने खातात तेव्हा स्वतःची उष्णता तयार करतात. मोठ्या घोळक्याच्या मधलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10-20 अंशांनीही जास्त भरतं. शंभर अळ्यांत ते किरकोळ राहतं, म्हणून कमी अळ्या हा सल्ला इथेही बरोबर आहे. जागेवरच्या मृतदेहाचा हिशेब करताना मात्र ते सोडता येत नाही.

अळ्या काळ्या पडतात त्याचं कारण जिवंत अळी अल्कोहोलमध्ये टाकणं. आतले जिवाणू आणि पाचकरस मरत नाहीत, अळी आतून कुजते, स्नायू आखडतात. पाण्याला उकळी आणा, गॅसवरून उतरवा, 80 अंशांच्या वर असतानाच चहाच्या गाळणीत अळ्या घेऊन 30 सेकंद बुडवा. अळी सरळ ताणून मरते. मग 80 टक्के अल्कोहोल. फॉर्मालिन नको, ऊती कडक होतात आणि पुढे डीएनए काढायला त्रास होतो. नळीच्या आत कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

लांबीवर एकट्यावर विसंबू नका. शेवटचा खंड ब्लेडने कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, धुऊन ग्लिसरीनमध्ये स्लाइड करा. मागच्या श्वसनरंध्रात एक फट म्हणजे पहिली अवस्था, दोन म्हणजे दुसरी, तीन म्हणजे तिसरी. तिसरी अवस्था लांबलचक असते, तिथे पोटाकडे बघा. खाणाऱ्या अळीच्या पुढच्या भागात कातडीतून गडद लालसर डाग दिसतो, तो अन्नाची पिशवी. खाणं थांबलं की तो आक्रसत जातो आणि भटकायला लागलेली अळी पिवळट-पांढरी दिसते. ही खूण नोंदवहीत वेळेसकट टिपा.

तापीकाठ

मनापासून आभार. रुफिफेसीसच निघाली, काटे स्पष्ट आहेत. डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र) विभागात नाही, आणि इनक्युबेटर आहे पण दुपारी वीज जाते. काही स्वस्त उपाय?

कीटकमित्र धुळे

वायरीचा प्रोब (तापमान घेणारं टोक) असलेला कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर बाजारात मिळतो. घेतल्यावर बारीक बर्फ आणि पाणी कालवून त्यात प्रोब पाच मिनिटं धरा, 0 दाखवायला हवं. 0.8 दाखवला तर तेवढं प्रत्येक नोंदीतून वजा करा. ताशी नोंद हाताने करा, रात्री कुणी नसेल तेव्हा फोन समोर ठेवून दर तासाला फोटो निघेल असं लावा. इनक्युबेटरवर विश्वास ठेवू नका, वीज गेलेले दोन तास पडद्यावरच्या आकड्यात दिसत नाहीत. त्याच्या आतही प्रोब ठेवाच.

ग्रामीण एमओ

मूळ धाग्याशी लागून विचारतो. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत मृतदेह सापडतो, पोलीस शवविच्छेदनाला आणतात तेव्हा अळ्या असतात. आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमकं काय जपून ठेवायचं?

न्यायवैद्यक

डॉक्टर, धुण्याच्या आधी. हे एक पाळलं तरी बरंच वाचतं. डोळे, नाक, तोंड, जखम, गुप्तांग, प्रत्येक जागेच्या अळ्या वेगळ्या नळीत. सर्वात मोठ्या आधी घ्या, कारण त्या सगळ्यात जुन्या, मग बाकीच्या मिसळून. एकूण पन्नासेक असाव्यात. अर्ध्या वरच्यासारख्या गरम पाण्याने मारून अल्कोहोलमध्ये. अर्ध्या जिवंत, भोकं पाडलेल्या डब्यात, भुसा आणि फॉइलमध्ये कलेजीचा तुकडा घालून, म्हणजे माशी होईपर्यंत वाढवून जात पक्की करता येते. जिवंत डबा पोलिसांच्या जीपमध्ये काचेजवळ ठेवू देऊ नका, तासाभरात शिजतात.

शवागारात शीतकपाट असेल तर मृतदेह आत कधी गेला, बाहेर कधी काढला आणि आत किती अंश होते, हे अहवालात लिहा. 4 अंशांना वाढ जवळजवळ थांबते, पण मोठ्या घोळक्याच्या आत काही तास चालूच राहते.

जागेवरचं काम पोलिसांचं, पण त्यांना सांगून ठेवा. मृतदेह हलवण्याआधी चार तापमानं: सावलीत सव्वा मीटरवर हवा, शरीराचा पृष्ठभाग, अळ्यांच्या घोळक्याचा मध्य, आणि उचलल्यावर खालची माती. बागेत ठिबकचं पाणी आणि पानांची सावली, तिथली हवा उघड्या शेतापेक्षा थंड आणि दमट असते, म्हणून जळगावचा आकडा तसाच लावता येत नाही. थर्मामीटर पुढचे किमान तीन-पाच दिवस तिथेच ठेवून हवामान केंद्राच्या आकड्यांशी फरक काढावा आणि मग मागच्या दिवसांची दुरुस्ती करावी.

कोष शरीरावर नसतात. खाणं संपलेली अळी दूर जाऊन मातीत शिरते. वाळलेल्या पानांच्या पाल्याखाली, ठिबकच्या नळीलगत, 5 ते 10 सेंटिमीटर खोल उकरा, चारी बाजूंना दोन-तीन मीटर तरी. बागेत शेणखत टाकलेलं असेल तर सावध राहा, त्यात घरमाशीचे कोष भरपूर असतात. ते लहान, साधारण 6 मिलिमीटर, आणि श्वसनरंध्राच्या फटी नागमोडी. क्रायसोमायाच्या सरळ.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, कपाशीची औषधं. कीटकनाशक पिऊन मृत्यू झाला असेल तर माश्या अंडी उशिरा घालतात किंवा अळ्या मरतात आणि काळ प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. मॅलेथिऑनच्या बाबतीत हे नोंदलेलं आहे. अशा वेळी अळ्यांचा वेगळा नमुना अल्कोहोलशिवाय, गोठवून, विषतपासणीसाठी. व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवतात ते आतले अवयव) उरला नसेल तर अळ्यांतूनही विष सापडू शकतं.

ग्रामीण एमओ

रात्री टाकलेल्या मृतदेहाचं काय? आणि अहवालात कसं लिहायचं?

न्यायवैद्यक

या माश्या साधारणपणे रात्री अंडी घालत नाहीत. संध्याकाळी सात नंतर मृत्यू झाला तर अंडी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. पावसात आणि घट्ट गुंडाळलेल्या मृतदेहावर आणखी उशीर. म्हणून अहवालात "मृत्यू अमुक वाजता" असं कधीच लिहू नये. "अमुक जातीची सर्वात जुनी अळी अमुक तापमान धरून किमान इतके तास ते इतके तास वयाची आहे, म्हणजे किमान तेवढा काळ शरीर माश्यांना उपलब्ध होतं." तापमान कुठून घेतलं आणि तक्ता कोणत्या तापमानावरचा आहे, दोन्ही लिहा. तज्ज्ञांचं मत न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 39 खाली येतं, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तापमानावरच असतो.

तापीकाठ ताई, तुमचा मेचा तक्ता तयार झाला की इथेच टाका, ताशी नोंदींसकट. रावेर-चोपड्याच्या डॉक्टरांना त्याचा लगेच उपयोग होईल.