मदत हवी आहे: एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्ससाठी कोर्स करू की आधी अप्रेंटिसशिप?

मी नाशिकचा. मेकॅनिकल डिप्लोमा यंदा पूर्ण झाला, बारावी केलेली नाही. विमान दुरुस्तीत जायचं आहे, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) बी१.१ लायसन्स (टर्बाइन इंजिनची विमानं) हे ध्येय.

आतापर्यंत दोन संस्था पाहून आलो. एकीत सीएआर-१४७ (असे कोर्स चालवायला डीजीसीए देते ती) मान्यतेचं पत्र मागितलं तर लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली, तिच्यावरची मुदत गेल्या वर्षीच संपलेली! "रिन्यूअल चालू आहे" म्हणाले. चहा पिऊन निघालो. दुसरीची मान्यता व्यवस्थित आहे, पण फी घरच्यांना झेपणारी नाही आणि कर्ज काढायचं नाही.

म्हणून दुसरी वाट डोक्यात आहे. ओझरच्या एचएएलमध्ये (सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्स) डिप्लोमा अप्रेंटिस म्हणून अर्ज करायचा आणि सोबत मोड्यूल (लायसन्सच्या परीक्षेचे विषयवार पेपर) घरी अभ्यासून द्यायचे. पासिंग ७५ टक्क्यांना आहे हे माहीत आहे, त्याची तयारी आहे. मान्यताप्राप्त कोर्स नसेल तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव जास्त वर्षं लागतो, हेही वाचलंय. अडचण अशी की ओझरला काम मुख्यतः सुखोईचं, म्हणजे लष्करी विमानांचं.

रंगांधळेपणा नाही, तपासून घेतलंय. नागपूर, मुंबई, हैदराबाद कुठेही राहायची तयारी आहे. "परदेशात जा" हा सल्ला कृपया नको.

ज्यांनी स्वतः मोड्यूल देऊन लायसन्स काढलंय त्यांना विचारतो: लष्करी विमानांवरचा अनुभव डीजीसीए किती धरतं, आणि उरलेला नागरी विमानांवरचा अनुभव मिळवायला लायसन्स नसलेल्या डिप्लोमावाल्याला एमआरओमध्ये (विमान दुरुस्ती कंपन्यांत) नेमक्या कोणत्या पदावर घेतात?