‘सर्जन्स मेट’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : रॉबर्ट जॅक्सन (१७५०–१८२७) या स्कॉटिश लष्करी वैद्याने काही वर्षे जमैकात काढली, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो ७१व्या रेजिमेंटमध्ये ‘सर्जन्स मेट’ होता आणि १७९३ मध्ये तिसऱ्या रेजिमेंटचा सर्जन झाला. ‘मेट’ला ‘सहायक शल्यचिकित्सक’ आणि रेजिमेंटला ‘पलटण’ म्हणावे का?

उत्तर : ‘सहायक शल्यचिकित्सक’ येथे काळाशी विसंगत ठरेल, कारण ‘असिस्टंट सर्जन’ हे पद ब्रिटिश सैन्यात १७९६ मध्ये आले आणि मेटला तोवर न मिळणारी राजाची सनद (अधिकारीपदाची नेमणूक) या पदाबरोबर मिळू लागली, त्याआधी सनद सर्जनला असे आणि मेटची नेमणूक केवळ वॉरंटवर, म्हणजे सनदेपेक्षा खालच्या दर्जाच्या नेमणूकपत्रावर, होई. नुसते ‘मेट’ लिहावे, तर आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावरचा मुकादम डोळ्यांपुढे येतो. मी ‘सर्जनचा मदतनीस’ असे लिहीन.

‘शल्यचिकित्सक’ या शब्दालाही माझी हरकत आहे. मराठी वाचकाला त्यावरून जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख आठवतो, हा एक भाग. पण ‘शल्य’ म्हणजे मुळात शरीरात रुतलेले बाणाचे टोक (मनातला ‘सल’ त्यातूनच आला), आणि रेजिमेंटच्या सर्जनचे बहुतेक दिवस गोळ्या काढण्यात नव्हे, तर ताप आणि अतिसार यांच्याशी झुंजण्यात जात. शिवाय रुतलेले शल्य काढलेच पाहिजे, हेही सर्वांना मान्य नव्हते. १७६१ मध्ये बेल-ईल या फ्रेंच बेटावरील मोहिमेत ब्रिटिश सैन्यातील सर्जन जॉन हंटर यांना उपचारांविना लपून राहिलेल्या काही फ्रेंच सैनिकांच्या जखमा बऱ्या झालेल्या दिसल्या, आणि बंदुकीची प्रत्येक जखम चिरून रुंद करण्याच्या रूढीला त्यांनी विरोध केला. ‘वैद्य’ म्हणावे, तर ‘फिजिशियन’ हे सैन्यात विद्यापीठाची पदवी असलेल्यांचे वेगळे आणि वरचे पद होते. तेव्हा ‘सर्जन’ हाच शब्द ठेवावा.

‘पलटण’ म्हटले की बटालियन, म्हणजे रेजिमेंटमधली तुकडी, समजली जाते. तरी रेजिमेंटसाठी तो शब्द बहुतेक ठिकाणी चालेल, कारण त्या काळी पायदळाच्या पुष्कळ रेजिमेंटांत एकच बटालियन असे.

पुरवणी : येथे मात्र चालणार नाही. १७७५ मध्ये उभारलेल्या ७१व्या रेजिमेंटमध्ये दोन बटालियन होत्या, त्यामुळे ‘७१वी पलटण’ म्हटल्यावर नेमकी कोणती, हा प्रश्न उरतो. ‘७१व्या रेजिमेंटमधील सर्जनचा मदतनीस’ हेच लिहावे.