12 ऑगस्टचं खग्रास ग्रहण: स्पेनला जायचं का, आणि नेमकं कुठे?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाच्या दिवशी विषय निघाला होता, आता लेखी विचारते. बुधवार, 12 ऑगस्ट 2026 ला संध्याकाळी उत्तर स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. शाळांना सुट्टी आहे, त्यामुळे मुलांची अडचण नाही. माझा प्रस्ताव असा: पोर्ट्समथहून गाड्यांसकट बोटीने सांतांदेरला जायचं आणि समुद्रकिनारीच मुक्काम टाकायचा. सांतांदेर खग्रास पट्ट्यात आहे, म्हणजे पुढे कुठे हिंडायला नको. कोण कोण येणार ते कळवा.

प्रेषक: रेडिंगचे दादा

लंडनमधून सूर्य 91 टक्के झाकलेला दिसणार आहे म्हणे. उरलेल्या नऊ टक्क्यांसाठी ऐन ऑगस्टच्या भावात तिकिटं काढायची? त्यापेक्षा आमच्या बागेत या. चष्मे माझ्याकडून, भजी वहिनींकडून.

प्रेषक: दुर्बीणवाल्या मावशी

दादा, भजी खायला नक्की येऊ, पण त्या दिवशी नाही. 91 टक्क्यांच्या ग्रहणात अंधार पडत नाही. ऊन जरा पिवळट, मलूल होतं, एवढंच. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उरला तरी तो चार हजार पौर्णिमांएवढा उजेड देतो. आणि प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, उजळतं साधारण एका पौर्णिमेच्या चंद्राएवढं. ते दिसणार कसं? सूर्याचा शेवटचा ठिपका उरला की हिऱ्याची अंगठी, तोही झाकला गेला की मगच प्रभामंडल, दिवसाउजेडी शुक्र, सगळ्या क्षितिजावर तांबूस कडा. नव्व्याण्णव टक्के पाहिलेल्या माणसाने खग्रास पाहिलेलं नसतं.

आता सचिवबाईंशी भांडण. सांतांदेर नको. बिस्केच्या उपसागरावरून येणारी दमट हवा किनाऱ्यामागच्या कांताब्रियन डोंगरांना अडते आणि ढग अलीकडेच साचतात. डोंगर ओलांडला की कोरडं पठार लागतं. कोकणात पाऊस कोसळत असताना घाटापलीकडे माण-खटाव कोरडं असतं, अगदी तसं. शिवाय सांतांदेरला खग्रास स्थिती मिनिटभरच टिकते, बिलबाओला तर जेमतेम अर्धा मिनिट. पठारावर बुर्गोसला सुमारे 1 मिनिट 44 सेकंद मिळतात, लेओनला आणि ओव्हिएदोलाही तितकेच. ओव्हिएदो मात्र डोंगराच्या ओल्या बाजूला आहे. माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही पट्ट्याच्या जरा बाहेर पडतात, तेव्हा स्वस्त विमान दिसलं म्हणून तिथे थांबू नका.

माझं मत बुर्गोसच्या आसपासचं एखादं खेडं. पण एक गोष्ट सेकंदांपेक्षा महत्त्वाची. खग्रास लागेल तेव्हा तिथल्या घड्याळात साडेआठ वाजत आलेले असतील आणि सूर्य क्षितिजापासून फक्त आठेक अंशांवर असेल. हात ताठ करून मूठ धरली तर त्या मुठीएवढीही उंची नाही. पश्चिमेला एखादं चर्च, झाडांची रांग, टेकडी आडवी आली तर एवढ्या लांब जाऊन तिचीच पाठ पाहू. म्हणून आदल्या संध्याकाळी, 11 तारखेला, त्याच वेळी त्याच जागेवर जाऊन उभं राहायचं. सूर्य जवळजवळ तिथेच असतो. दिसला तर जागा पक्की. आणि बुधवारी सकाळी ढगांचा अंदाज पाहून हलता आलं पाहिजे, म्हणून बसपेक्षा गाड्या बऱ्या.

पुढच्या वर्षाचं विचारतील म्हणून सांगते: 2 ऑगस्ट 2027 ला लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, सूर्य थेट डोक्यावर. आणि ऑगस्टातलं इजिप्त. मी तिथेही जाणार आहे, पण आजी-आजोबांना घेऊन नव्हे.

प्रेषक: लेस्टरची वहिनी

मावशी, आई त्या सुमारास इथे असतील. त्या विचारतायत, वेध पाळायचे का? आणि त्या दिवशी दिव्यांची अवस आहे, दिवे कधी लावायचे?

प्रेषक: दुर्बीणवाल्या मावशी

वहिनी, सूर्यग्रहण अवसेलाच होतं, तेव्हा यंदा दिव्यांच्या अवसेवर आलं यात आईंनी काळजी करण्यासारखं काही नाही. भारतातून हे ग्रहण दिसतच नाही, त्यामुळे तिकडे कुणी पाळणार नाही. आपल्या गाडीत ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. तसंही स्पेनमध्ये रात्री नऊच्या आत धड जेवण मिळत नाही, अर्धा उपास आपोआप घडतो. कणकेचे गोड दिवे उकडून आणा, तुपाबरोबर सगळे खातील. लावायचे मात्र खोलीवर. ऑगस्टात पठारावर कापणी झालेली शेतं वाळून कोळ झालेली असतात आणि गेल्याच उन्हाळ्यात त्या भागात भयंकर वणवे लागले होते. उघड्यावर काडीसुद्धा पेटवायची नाही.

डोळ्यांचं आईंना नीट सांगा. चष्मा काढायचा तो फक्त पूर्ण झाकलेला असताना. कड पुन्हा चमकली की लगेच लावायचा.

प्रेषक: देवगडकाका

मावशींचं म्हणणं पटतं. ग्रहण पाहायचं तर आधी महिना पाहावा. 1999 च्या ऑगस्टात इथे कॉर्नवॉलला ढग, तिकडे गुजरातेत पावसाळा. 2009 च्या जुलैत सुरतेलाही तेच. उलट 22 जानेवारी 1898 चं खग्रास आपल्या महाराष्ट्रावरून गेलं ते थंडीतलं निरभ्र आकाश घेऊन. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा विजयदुर्गाला तळ देऊन होता, आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला. आमच्याकडे अजून ठासून सांगतात की लॉकियरने 1868 मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला. 1868 ला तो इंग्लंडातच होता, आणि हेलियमची खूण ठरलेली सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच पाहिली. त्या ऑगस्टातल्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे, म्हणजे दुर्बिणी ठेवायचे ओटे, 1898 च्या खटाटोपाशी जोडले तरी गावाची शान कमी होत नाही, पण गावात हे बोलायची सोय नाही.

प्रेषक: सचिव

ठीक आहे, सांतांदेरला फक्त बोटीतून उतरायचं. मुक्काम बुर्गोसकडे, 10 ते 13 ऑगस्ट. 12 च्या रात्री परत फिरायचं नाही. सगळे एकदमच रस्त्यावर येतील, आणि चंद्र नसल्यामुळे पर्सिड उल्का छान दिसतील, असं मावशींनी फोनवर सांगितलं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेन व्हिसाचं आत्तापासून बघा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा नको, पण हद्दीवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्या रांगेचा वेळ धरा. पासपोर्ट दहा वर्षांहून जुना नको.

येत्या रविवारपर्यंत तीन गोष्टी कळवा: माणसं किती, गाडी आहे का, आणि गाडीत जागा किती उरते. देवगडकाकांना जिने चढता येत नाहीत, त्यांच्यासाठी तळमजल्याची खोली मी आधीच विचारून ठेवली आहे.