बाबांना सेकंडहँड गाडी घेऊन दिली, त्यात काय चुकलं?

स्नेहल_के

परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, की सत्तरी उलटलेल्या आईवडिलांना गाडी घेऊन देणारी मुलं स्वतःच्या मनाची टोचणी घालवायला पैसे फेकतात, आणि सेकंडहँड घेणारी तर त्यातही काटकसर करतात. त्यापेक्षा तेच पैसे रिक्षाला द्या. दोन दिवस गप्प बसले. आज बाबा गाडी घेऊन भाजी आणायला गेले आणि मी लिहायला बसले. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

बाबा ७३, कराडला असतात. आई ६९, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. घरात २००९ ची अल्टो होती, तिची पंधरा वर्षं गेल्या वर्षी भरली. बाबांचा डावा गुडघा क्लच दाबताना दुखतो, हेही आम्हाला आईकडून कळलं. ते स्वतः कशाला सांगतायत! मग ठरलं, क्लच नको.

नवी का नाही? कारण नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला की बाबा ती बाहेरच काढणार नाहीत. आमच्या एका नातेवाइकांच्या नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तिसऱ्या दिवाळीलाही तसंच होतं. जुन्या गाडीला आधीच चार ओरखडे असतात, पाचव्याचं काही वाटत नाही.

माझ्या मेहुण्यांना बाबांसाठी सेडान हवी होती, 'शोभेल' म्हणून. बाबा तिच्यात बसले ते विहिरीत उतरल्यासारखे. उठताना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि तिसऱ्या जोराला बाहेर आले. मग वॅगन आर. आधी बूड टेकलं, मग पाय आत घेतले, कुणाचा हात लागला नाही. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

आता किस्सा. एका डीलरकडे २०१९ ची गाडी, मीटरवर ३१ हजार. मी रंग बघत होते. बाबांनी वाकून ब्रेकच्या पेडलवरून अंगठा फिरवला. रबर अगदी गुळगुळीत. मग चारही टायर वाचले: २३२३, म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. "काय हो, ३१ हजारांत पहिले चारही टायर संपले? नांगराला जुंपली होती की काय?" डीलर म्हणाला, काका, मीटर बदललाय. सर्व्हिसची नोंद काढली तर २०२२ मध्येच ६८ हजार. ज्यांच्या हातात स्टिअरिंग देऊ नका म्हणता, त्यांनी हे पकडलं. मी तर टोकन देऊन मोकळी झाले असते.

शेवटी साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. फर्स्ट ओनर, नोव्हेंबर २०१९ ची, एएमटी (क्लचचं पेडल नसलेली), २७ हजार चाललेली, ४ लाख १५ हजार. जुलै २०१९ नंतरचीच हवी असा माझा हट्ट होता, कारण तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. आणि गाडी बाबांच्याच नावावर घेतली. सगळे म्हणाले, तुझ्या नावावर घे, या वयात त्यांना आरटीओचे हेलपाटे कशाला. पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची इन्शुरन्समधली सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. अल्टोवर बाबांचा ५० टक्के साठला होता, तो नव्या पॉलिसीला लागला. माझ्या नावावर घेतली असती तर पाण्यात गेला असता.

बोला आता.

परखड

ती पोस्ट माझी. म्हणजे बोलायलाच हवं.

किस्सा छान आहे. तुमच्या वडिलांना टायर वाचता येतात, कौतुक आहे. माझ्या वडिलांनाही येत होते. ते ३८ वर्षं एकही अपघात न करता चालवत होते. ७७ व्या वर्षी मीच हौसेने ऑटोमॅटिक घेऊन दिली, सेकंडहँडच. सोसायटीच्या गेटात शिरताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. वॉचमनची खुर्ची गेटच्या खांबात चेपली. वॉचमन चहाला गेला होता म्हणून फक्त खुर्ची. त्या दिवशी तो चहाला पाच मिनिटं उशिरा गेला असता तर मी आज इथे लिहीत नसतो, कोर्टात असतो.

गिअरच्या गाडीत घाबरलेला माणूस काहीतरी चुकीचं दाबतो आणि गाडी बंद पडते. ऑटोमॅटिक बंद पडत नाही, ती जाते. गुडघा वाचवायला क्लच काढता आणि त्याबरोबर शेवटची चूक माफ करणारी गोष्टही काढून टाकता.

हिशोबही करा. ४ लाख १५ हजार, वर इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग धरून वर्षाला २५ हजार. पाच वर्षांत ५ लाख ४० हजार. पेट्रोल सोडून. म्हणजे पाच वर्षं रोज ३०० रुपयांची रिक्षा. कराडमध्ये रोज ३०० रुपयांची रिक्षा करून माणूस जाणार कुठे?

स्वाती_वाई

पाच वर्षांनी गाडी विकल्यावर काही पैसे परत येतात, रिक्षावाला देत नाही. आणि रात्री दोनला रिक्षा मिळवून दाखवा.

परखड

रात्री दोनला १०८ ला फोन करायचा असतो. छातीत कळ आलेल्या माणसाने किंवा त्याच्या घाबरलेल्या ७३ वर्षांच्या जोडीदाराने गाडी चालवायची नसते.

गॅरेजवाला_मिरज

पेडलचं रबर बघणारा माणूस म्हणजे एक नंबर, ताई. तुमच्या वडिलांना आमच्याकडं पाठवा, कामाला ठेवतो.

पण एएमटीचं जरा ऐका. ती खरी ऑटोमॅटिक नव्हं. आत गिअरबॉक्स साधाच, क्लचही तोच, फक्त दाबायला माणसाऐवजी मशीन. चढावर ब्रेकवरचा पाय उचलला की काही गाड्या मागं सरकतात, हिल होल्ड नसला तर. म्हाताऱ्या माणसाला ते दोन इंच पण लई वाटतात, आणि मग तो ॲक्सिलरेटरवर पाय देतो जोरात. परखड साहेब म्हणतात ते तिथंच होतं. पार्किंगच्या रॅम्पवर हँडब्रेक लावून निघायची सवय लावा. बजेट वाढत असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी, म्हणजे खऱ्या ऑटोमॅटिकचे प्रकार, बघा, मऊ चालते.

आणि आमच्या भागातली गाडी घेणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ विसरू नका. पुरात बुडालेल्या गाड्या धुवून, पॉलिश मारून लांब लांब विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ असली तर नमस्कार करून घरी जायचं. सीटच्या खालची पट्टी गंजलेली, आत उग्र परफ्यूमचा वास, तरीही नमस्कार.

तिरकस_पेठकर

सगळं वाचलं. एकाही शहाण्याने विचारलं नाही की ही गाडी उभी कुठे राहणार?

आमच्या सोसायटीत ४२ फ्लॅट, २६ पार्किंग. त्यातल्या चार जागांवर अशाच 'आईबाबांसाठी घेतलेल्या' गाड्या कव्हर घालून उभ्या आहेत. मुलं परदेशात, बाबा गुडघ्याने बेजार. दर महिन्याला मेकॅनिक येतो, जंपर लावून बॅटरी जागी करतो आणि जातो. मी रोज रात्री साडेनऊला गल्लीत तीन चकरा मारून गाडी लावतो. त्यातल्या एकीच्या कव्हरवर मांजरीने पिल्लं घातली. पिल्लं मोठी होऊन गेली, गाडी आहे तिथेच.

बिल्डरग्रस्त

ती जागा त्यांची असेल तर तुम्ही कोण विचारणार? मी २००६ साली बिल्डरला पार्किंगचे वेगळे दीड लाख मोजलेत. मी तिथे गाडी लावेन नाहीतर लोणच्याच्या बरण्या ठेवेन.

तिरकस_पेठकर

मोजले असतील. पण स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. जागा सोसायटीची, वाटप सोसायटीचं. तुमचे दीड लाख बिल्डर खाऊन ढेकर देऊन गेला.

बिल्डरग्रस्त

म्हणजे गाढव मी आणि न्याय तुम्हाला? पावती आहे माझ्याकडे.

आरती_डोंबिवली

पावती रोख रकमेची आहे का हो? बहुतेकांकडे साध्या कागदावरच असते, विचारून बघा.

बिल्डरग्रस्त

तुमचा काय संबंध?

आरती_डोंबिवली

माझ्याकडेही तसलाच कागद आहे. आमच्या सेक्रेटरींनी जनरल बॉडीत तो वाचून दाखवला आणि सगळे हसले. मी एकटीच हसले नव्हते.

स्नेहल_के

कराडला आमचं स्वतंत्र घर आहे, दारात जागा आहे. हा धागा पार्किंगचा नाही, कृपया.

तिरकस_पेठकर

ज्यांच्या दारात जागा आहे त्यांना पार्किंग हा विषयांतर वाटतो. साहजिकच आहे.

निनाद_टोकियो

इथे जपानमध्ये सत्तरीनंतर परवाना नूतनीकरणाआधी वर्ग करावा लागतो, पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्तीची चाचणी. सत्तरीपुढचे लोक गाडीला चार पाकळ्यांचं रंगीत चिन्ह लावतात. २०१९ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या चालकाने एका आईला आणि तिच्या लहान मुलीला उडवलं. ब्रेक चालले नाहीत म्हणत होता; कोर्टाने मान्य केलं नाही, पाय चुकीच्या पेडलवर होता. नंतर बऱ्याच वृद्धांनी आपणहून परवाने परत केले. परखड यांचं म्हणणं मला पटतं, सूर नाही पटत.

परखड

सुराचं राहू द्या, मुद्दा पटला तेवढं पुरे. आपल्याकडे काय आहे? पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि डॉक्टरचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र. माझ्या वडिलांचं प्रमाणपत्र ज्या डॉक्टरने दिलं त्याने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. एजंटने दहा फॉर्म पुढे ठेवले, दहा सह्या झाल्या.

अण्णा_१९४८

नमस्कार. माझं वय ७७. तुम्ही सगळे दोन दिवस माझ्याबद्दल बोलताय असं वाटलं म्हणून लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, चुका झाल्यास माफ करा.

माझ्या मुलाने मागच्या वर्षी मला सरप्राइज म्हणून जुनी गाडी पाठवून दिली. उंच, मोठी, पांढरी. दारात उभी राहिली तेव्हा पेढे वाटले. पहिल्या दिवशी चढताना डोकं आपटलं. बॉनेट कुठे संपतं ते दिसत नाही, म्हणून दोन उशा घेऊन बसायचो, तर पाय पोचेनात. मुलाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. तेव्हा कव्हर घातलं. तिरकस साहेब, तुमच्या त्या चार गाड्यांपैकी एखादी माझ्यासारख्याची असेल. एकदा वर जाऊन बेल वाजवा आणि विचारा, गाडी आवडली का. आम्हाला कुणी विचारत नाही.

स्नेहलताईंनी वडिलांना बसवून पाहिलं, उठवून पाहिलं, हे वाचून बरं वाटलं.

तिरकस_पेठकर

अण्णा, आता तुम्ही मध्ये पडलात तर मी काय बोलू. बेल वाजवीन. पण जागा सुटली तर पहिला नंबर माझा, हे आत्ताच लिहून ठेवतो.

गॅरेजवाला_मिरज

अण्णा, ती गाडी विका आणि आधी आरसी बदलून घ्या. नुसती टीटीओ, म्हणजे मालकी बदलायच्या, फॉर्मवर सही करून किल्ली देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जाऊन नाव बदललं की नाही ते डोळ्यांनी बघा. नाव तुमचंच राहिलं आणि घेणाऱ्यानं कुणाला ठोकलं, तर भरपाईची नोटीस तुमच्या घरी येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तसंच ठरवलंय, कागदावर नाव ज्याचं, मालक तोच.

अण्णा_१९४८

नाव मुलाचं आहे.

गॅरेजवाला_मिरज

मग नोटीस त्याला. त्याला पण सरप्राइज मिळंल.

स्नेहल_के

परखड, वॉचमनच्या खुर्चीचं वाचून मी काल रात्री बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "त्या माणसाचं बरोबर आहे, एकदा माझाही पाय चुकला होता." कधी? तर मार्चमध्ये, घरच्या फाटकात. तुळशीवृंदावनाचा कोपरा उडालाय. आई म्हणाली होती बैल धडकला. आमच्या गल्लीत बैल नाही.

तेव्हा हो, तुमचा मुद्दा मान्य. अर्धा. गाडी काढून घेणार नाही. पण पुढच्या आठवड्यात डोळ्यांची आणि पायांची तपासणी, आणि ती नमुना १-अ वर सही मारणाऱ्या डॉक्टरकडे नाही.

परखड

बैल! बरं, घ्या, तुमच्या अर्ध्याला माझा अर्धा. माझ्या वडिलांची गाडी मी एका दिवसात किल्ली खिशात घालून नेली. त्यांनी वाद घातला नाही. आठ महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. रिक्षाचे पैसे दर महिन्याला पाठवतो, ते तसेच बँकेत पडून आहेत. तरीही मी चुकलो असं म्हणणार नाही. रात्री तरी चालवू देऊ नका.

अण्णा_१९४८

रात्री मी आपणहूनच चालवत नव्हतो. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्याचे हेडलाइट फुटून दिसतात. पावसातही नाही. हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. परखड साहेब, वडिलांना घेऊन एकदा दिवसा बाहेर जा, तुम्ही शेजारी बसा.

मुलाला आज फोन करतो. वॅगन आर बघायची म्हणतो, पण मी बसून बघितल्यावर.

तिरकस_पेठकर

बघा, जरूर बघा. फक्त एवढं सांगा अण्णा, पांढरी जाईपर्यंत वॅगन आर लावणार कुठे?